सप्तरंगी शंखाचा दुसरा अर्धा

पुरवणी जबाब. नाव व पत्ता पहिल्या जबाबाप्रमाणे, वय २७ वर्षे, व्यवसाय संग्रहालयात जीवाश्म तंत्रज्ञ. समक्ष हजर राहून सांगते की,

१. चालू महिन्याच्या ३ तारखेस सप्तरंगी अमोनाइट, म्हणजे दगड झालेला वळणदार शंख, कपाटात दिसला नाही. मी तक्रार दिली.
२. ५ तारखेस आप्पांच्या घरी सापडलेला शंख तोच, असे मी सांगितले.
३. आप्पांवर चोरीचा गुन्हा दाखल झाला. संग्रहालयाने त्यांचे येणे बंद केले.
४. तो शंख संग्रहालयाचा नव्हता.

आप्पा पूर्वी खाणीत होते. तीस वर्षे ते जीवाश्म शोधून आम्हाला देतात. दगड कुठे आणि किती जोराने ठोकायचा, हे मला त्यांनीच शिकवले.

हा शंखही त्यांनाच सापडलेला. पूर्वी असा शंख करवतीने मधोमध कापून एक अर्धा शोधणाऱ्याला देत. ही पद्धत माझ्या आधी बंद झाली, पण नोंदवहीत आहे. मी ते पान उघडले नाही. दोन्ही अर्ध्यांवर कप्पे तेच, भेग तीच असते. फक्त वळण आरशातल्यासारखे उलटे. मी कप्पे मोजले, भेग पाहिली. वळण पाहिले नाही.

झडतीच्या वेळी आप्पा म्हणाले, "पोरी, तुमच्या शंखाच्या फोटोशेजारी धरून बघ एकदा."

मी हवालदारांना सांगितले, "माझी ओळख चुकत नाही."

काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाल्या, "शिकवा अजून पोरींना."

९ तारखेस संग्रहालयाचा अर्धा माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात मिळाला. झळाळीचा थर सुटत होता, म्हणून राळेचा हात द्यायला मीच गेल्या महिन्यात तो काढला होता. कपाटात चिठ्ठी ठेवायची राहिली आणि मी रजेवर गेले; परत आल्यावर ते विसरले होते. त्याचे वळण उजवीकडे आहे. जप्त केलेल्याचे डावीकडे.

आज १२ तारीख. मधले तीन दिवस मी कुणालाही सांगितले नाही. आजारी नव्हते, बाहेरगावी नव्हते.

जबाब मला वाचून दाखवला. एका ठिकाणी 'गैरसमज' लिहिले होते, ते खोडून 'माझी चूक' करायला सांगितले. बाकी मी बोलले तसेच आहे.

आप्पांचे नाव गुन्ह्यातून कधी वगळणार व त्यांचा शंख त्यांना कधी परत देणार, याचे लेखी उत्तर २० तारखेपर्यंत त्यांच्या पत्त्यावर द्यावे, ही विनंती.