बाजार कोणत्या वारी भरतो?

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी तेरा वर्षं भाड्याने नांदते आहे ते माननीय मल्लिनाथ बिराजदार, आमच्या संचालिका उत्कर्षाताई, व्यासपीठावर, म्हणजे या तीन जोडलेल्या टेबलांमागे, संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती सुंदरम्मा चिट्याल, त्यांना न्यायला भिवंडीहून आलेले त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई, सहकारी बंधुभगिनींनो, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे अजून दम खात असलेले निमंत्रित हो,

मला बोलायला सांगताना उत्कर्षाताई म्हणाल्या, "सिद्धनाथ सर, दहा मिनिटं. आणि संस्कृत कमी." दुसरी अट मला जड जाईल. पहिली मात्र मी आनंदाने पाळणार आहे, कारण मला चार वाजताची एसटी गाठायची आहे. कुठली, ते शेवटी सांगतो.

निमंत्रितांपैकी काहींना आम्ही नेमकं काय विकतो ते ठाऊक नसेल. अध्यक्ष महोदयांनाही तेरा वर्षांत ते कळलेलं नाही, पण त्यांनी ते कधी भाड्याच्या आड येऊ दिलं नाही. साहेब, तुम्ही आम्हाला जागा भाड्याने देता, तशी आम्ही लोकांना इंटरनेटवर जागा भाड्याने देतो. फरक एवढाच की तुमचा भाडेकरू तुम्हाला जिन्यात भेटतो. आमचा आम्हाला कधीच दिसत नाही. एक नाव, एक पत्ता, एक फोन नंबर आणि कार्डाने पैसे भरल्याची खूण. एवढ्यावरून माणूस ओळखायचा.

आणि यातले काही चोर असतात. दुसऱ्याच्या कार्डावर जागा घेतात, तिथे एखाद्या बँकेसारखं हुबेहूब पान लावतात आणि भोळ्या माणसांचे पासवर्ड गोळा करतात. सुंदरम्मा यायच्या आधी असा एक जण आमच्याकडे शिरला होता. तीन दिवसांत आमचा सर्व्हर काळ्या यादीत गेला, आणि त्याच सर्व्हरवरच्या मोहोळच्या एका बियाणांच्या दुकानाची, एका शाळेची, अशी सगळ्यांचीच ईमेलची पत्रं कुठे पोचेनाशी झाली. एका खोट्या भाडेकरूपायी सगळी चाळ वाळीत पडली.

मग अकरा वर्षांपूर्वी उत्कर्षाताईंनी या बाईंना आणलं. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला होत्या. कारखाना बंद पडला. मुलाखतीला मीही बसलो होतो. "कॉम्प्युटर येतो?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाही ओ. पण चुकलेला धागा कळतो. टॉवेल उजेडासमोर धरायचं, हात फिरवायचं. हात थांबला की तिथं काहीतरी हाय."

ऑर्डरवरून त्यांचा हात असाच थांबायचा. नाव एका प्रांताचं, पत्ता दुसऱ्याचा, कार्ड तिसऱ्याचंच. ईमेल अशी की तांत्रिकांची बीजाक्षरं वाटावीत. चार वेळा नापास होऊन पाचव्यांदा भरलेले पैसे. आणि मुदत नेहमी सर्वांत लांबची. परक्याच्या पैशाने घेणारा एक वर्षाचं कशाला घेईल? एवढं जमलं की त्या फोन उचलायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नाही. "तुमच्याकडं आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो?"

खरा माणूस फटकन सांगतो. किंबहुना वार सांगून वर टोमॅटोचा भावही सांगतो. खोटा माणूस थांबतो. तेवढ्या थांबण्यात बाईंनी अकरा वर्षांत किती चोर पकडले याची गणती नाही. म्हणून या भाषणात मी कुठल्याही गावाचा वार सांगणार नाही. सभागृहात कोण बसलंय, कोणी सांगावं?

आता थोडं संस्कृत. उत्कर्षाताई, दोनच दृष्टांत. आपल्या शास्त्रात भ्रमाची दोन उदाहरणं कायम येतात. शिंपला पाहून चांदी वाटणं, आणि दोरी पाहून साप वाटणं. आमच्या धंद्यात शिंपल्याला चांदी समजलो तर नुकसान आमचं. पण दोरीला साप समजून काठी घातली तर दोरीला काय वाटतं, याचा विचार शास्त्रकारांनीही केलेला माझ्या वाचनात नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अशी काठी घातली. 'आम्ही' म्हणतो, कारण मारली बाईंनी आणि तिला पॉलिश मी केलं होतं.

वैरागहून एक ऑर्डर आली. नाव हणमंत वाघमारे. फोन आणि कार्ड दोन्ही छत्तीसगडकडची. पाचव्या खेपेला पैसे भरलेले. मुदत दहा वर्षं. बाईंचा हात थांबला. त्यांनी फोन केला. मी शेजारीच होतो.

"काका, तुमच्याकडं बाजार कोणत्या वारी भरतो?"

पलीकडे शांतता. मग, "त्ये काय मला म्हाईत न्हाय, बाई."

"वैरागलाच राहता ना?"

"व्हय, हितंच ऱ्हातो की."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्स."

"दीड वर्षं राहता आणि बाजार ठाऊक नाही?"

फोन पलीकडून ठेवला गेला. बाईंनी वहीत लिहिलं, खोटा. आणि नकाराचं पत्र लिहायचं काम माझं. गिऱ्हाइकांचा सगळा पत्रव्यवहार मीच पाहतो, एम.ए. संस्कृतचा सोलापुरात याहून चांगला उपयोग अद्याप कुणाला सापडलेला नाही. मी लिहिलं: 'आपण दिलेल्या माहितीची यथोचित खातरजमा होऊ न शकल्याने आपली मागणी रद्द करीत आहोत.' 'यथोचित' या शब्दावर मी त्या दिवशी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चोर कधी उत्तर देत नाही. दोनच ओळी होत्या. 'पत्र मिळालं, तुमचं बरोबर हाय. बाजाराचा वार विचारायला हितं कुणी वळखीचं न्हाय.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग वैरागचा बाजार कधी ते बघितलं, त्याच वाराची रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "सर, पत्र तुम्ही लिवलंय. चला."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. नऊ वर्षं आमची टेबलं हातभर अंतरावर होती. त्या डबा घेऊन गच्चीत जायच्या, मी खानावळीत. त्या घरी एकट्या असतात हे मला त्या एसटीत कळलं. त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या शर्टाची गुंडी सहा महिने झालं तुटल्याली हाय. विचारायचं काय त्यात?"

हणमंतराव घरीच होते. दोन्ही बाजूंच्या घरांना कुलपं, माणसं पुण्याला. ते मूळचे मोहोळकडचे. उमेदीची चाळीस वर्षं छत्तीसगडात, कारखान्यात. वैराग त्यांच्या पत्नीचं, येसूबाईंचं माहेर. "म्हातारपणी आपल्या गावात राहू" हा त्यांचा हट्ट. आल्या, आणि तीन महिन्यांत गेल्या. हे मागे राहिले, दुसऱ्याच्या गावात. "बाजार येसू करायची," ते म्हणाले. "मी काय, दारावर भाजी येती ती घेतो."

बाजार त्यांच्या घरापासून तीनशे पावलांवर होता. आवाज ओट्यापर्यंत येत होता. बाईंनी विचारलं, "हे ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतंय की दर आठवड्याला. वाटायचं, लोकांचं कायतरी चालू हाय. आपल्याला कुटं बोलावलंय."

सभ्य गृहस्थहो, बाजाराचं आमंत्रण यावं अशी अपेक्षा करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. असं मला वाटत होतं.

बाईंनी खुंटीवरची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि आम्ही तिघं बाजारात गेलो. तिथे हणमंतरावांनी मेथीची एक जुडी घेतली. तेवढ्याला पाऊण तास लागला. बाईंनी घाई केली नाही. परत येताना त्यांनी सांगितलं की ती जागा त्यांना कशासाठी हवी होती. एका पानाची वेबसाइट. वर येसूबाईंचा फोटो, खाली मजकूर: 'वैरागची येसू लहानपणी ज्यांना माहीत असेल त्यांनी फोन करावा. मला ती लग्नानंतरचीच माहीत आहे.'

मी म्हटलं, गावातच विचारायचं. ते म्हणाले, "तिच्या मैत्रिणी लगीन हून गेल्या की सर. पोरी कुटं गावात ऱ्हात्यात?" आणि दहा वर्षं का? "एखादीला उशिरा आठवलं तर?"

बाईंनी रद्द केलेली ऑर्डर पुन्हा उघडली आणि ते पान लागलं. जवळजवळ वर्षभर एकही फोन आला नाही. मग माढ्याकडच्या एका आजींचा आला. नातवाने मोबाइलवर दाखवलं म्हणे. त्यांनी सांगितलं, येसू शिट्टी लई भारी वाजवायची, मास्तर घाबरायचे. चाळीस वर्षांच्या संसारात हणमंतरावांनी ती शिट्टी ऐकली नव्हती. हे सांगायला त्यांनी सर्वप्रथम आमच्या कार्यालयात फोन केला. दुसरा नंबर नव्हता.

आता सुंदरम्मांची एक चूक सांगतो. सत्कारात ती सांगायची नसते. ती ऑर्डर त्यांनी कधी 'खरी' म्हणून नोंदवलीच नाही. दोन वर्षं तिच्यासमोर 'तपासणी चालू' असंच आहे. आणि तपासणी चालू, म्हणून दर आठवड्याला, बाजाराच्या वारी, एक फोन. "काका, बाजार कोणत्या वारी?" "आजच की." "काय आणलं?" मग मेथी, मग वांगी, मग भाजी विकणाऱ्या माणसाचं नाव, मग त्याच्या मुलीचं लग्न. मी बाईंना एकदा म्हटलं, आता लिहा 'खरा'. त्या म्हणाल्या, "लिवलं की फोन कशाला करायचं?"

परवापासून आपल्याकडे ऑर्डर तपासणारी नवी यंत्रणा येते आहे. उत्कर्षाताईंनी विचार करूनच ती घेतली आहे आणि माझी तक्रार नाही. ती विजेच्या वेगाने चोर ओळखते आणि तीस दिवसांवर तपासणीत अडकलेली कुठलीही ऑर्डर आपोआप रद्द करते. म्हणजे 'तपासणी चालू' ही ओळ तशीच ठेवली तर येसूबाईंचं पान जाणार, आणि 'खरा' लिहिलं तर फोन जाणार. बाई तर जाणारच आहेत.

गेल्या बाजाराच्या वारी त्या घर आवरायला रजेवर होत्या. मला म्हणाल्या, "सर, तेवढं फोन करा." मी केला.

"बाई कुटं हायत?"

मी सांगितलं, भिवंडीला निघाल्या, मुलाकडे.  मग, "तुमी म्हंजे पत्र ल्हिणारे?"

"हो."

"मराठी लई चांगली हाय तुमची. समजत न्हाय, पर चांगली हाय." आणि लगेच, "तुमी सोलापुरात किती सालं हाय?"

"या घरात बारा वर्षं."

"मंग तुमच्याकडं बाजार कवा भरतो?"

मी चौथ्या मजल्यावर राहतो. साडेआठला निघतो, खानावळीत जेवून परततो. आठवड्यातून एक दिवस खाली हातगाड्या लागलेल्या असतात आणि मला स्कूटर काढता येत नाही, एवढं आठवतं. तो वार कोणता? मी आठवू लागलो. म्हणजे, थांबलो.

ते हसले नाहीत. म्हणाले, "असू द्या. माजं बी तसंच हुतं. बाईला सांगू नगा, रद्द करतील."

बाई, आता तुम्हाला कळलंच.

काल सायंकाळी सुंदरम्मांनी ती ओळ पडद्यावर काढली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "पत्र तुम्ही लिवलं होतं. हे बी तुम्हीच लिवा." मी 'खरा' लिहिलं. यथोचित वगैरे काही नाही. पान आता आठ वर्षं सुरक्षित आहे. फोन करायला मात्र निमित्त उरलं नाही, आणि निमित्ताशिवाय फोन करणं मला बावन्न वर्षांत साधलेलं नाही. तेव्हा समक्ष जाणं आलं. आज वैरागला बाजार आहे; चारची एसटी तिकडचीच.

सुंदरम्मा, शेजारी बसून अकरा वर्षं तुम्ही मला उजेडासमोर धरलंत आणि फाडून टाकलं नाहीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. भिवंडीत बाजार कोणत्या वारी असतो ते गेल्या गेल्या विचारून घ्या; मी तपासणीला फोन करणार आहे. अध्यक्षांचे, ताईंचे आणि जिना चढून आलेल्या सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते बाईंच्या नजरेतून सुटलेलं नाहीच. त्यांनी ते पोटात घातलं की बाकीच्यांनीही घालावं.

दिवेलागणीला बाजार उठतो, आणि हणमंतरावांनी पिशवी घरूनच आणायला सांगितलं आहे. ती दाराशी ठेवली आहे. येतो.