बायकांच्या वाट्याचा धबधबा

त्या सहलीचं नाव काढलं तरी अजून डोकं फिरते माझं. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तसा आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी विनूभाऊ स्वतःले मंत्रीच समजून राहिला होता. कोणाले न विचारता त्यानं धबधबा वाटून टाकला. बायकांनी वरून कठड्यापाशी उभं राहून पाहायचा, माणसांनी दगडांवरून खाली कुंडापर्यंत उतरायचं.

मी म्हटलं, "काहून? मी रोज सकाळी तलावाले तीन चकरा मारते."

"वहिनी, वाट कठीण आहे. तुमच्यानं नाही होणार."

दोन तासांनी विनूभाऊ एकटाच धापा टाकत वर आला. "वहिनी, बाकीच्यांचे पाय कापून राहिले, वर चढणं होत नाही. भूक लागली सगळ्यांले. डबे खाली आणून द्या ना!"

"त्याच वाटेनं? आता होते माझ्यानं?"

"हव! हळूहळू उतरा, काही नाही होत."

असा राग आला! पण डबा उचलला न् उतरली. मले पाहून सगळे सावरून बसले. मी त्यांच्यासमोरच दगडावर बसली, डबा उघडला, सावकाश जेवली न् झाकण लावलं.

म्हटलं, "हा माझा होता. तुमचे वर आहेत. हळूहळू चढा, काही नाही होत."