रिकाम्या वाडीतला आवाज

(वाडीच्या वेशीबाहेर, ओढ्यापलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या. दुपार कलते आहे.)

हौसाबाई: माका शिकवू नको रे सुदेश. पाण्याच्या पंपाचो आवाज माका कळता. ह्यो पंप नाय.

सुदेश: काकी, पंपच आहे असं मी म्हटलं नाही. पंपासारखं काहीतरी असेल, असं म्हटलं. हायवेचं काम चालू आहे ना.

हौसाबाई: हायवे त्या अंगाक. ह्यो आवाज आपल्या वाडीतसून येता, माझ्या परड्याच्या मागसून. सकाळधरना भुंय धडधडता. चुलीवरच्या टोपाचा झाकण आपल्याआप वाजता.

मार्गारेट: माझ्या कपातला चहा थरथरत होता, हौसा. आधी वाटलं, वय झालं, हात कापतोय. मग कप जमिनीवर ठेवला. तरी चहा थरथरतोच आहे.

सुदेश: टीचर, आता तुम्ही पण?

मार्गारेट: मी पण म्हणजे काय? चौथीत तुला गणित मीच शिकवलं. उत्तर चुकलं की तू पाटी पोटाशी धरून बसायचास. आता मोबाईल धरून बसलायस, एवढाच फरक.

हौसाबाई: आणि ही सायबाची भाषा कित्याक? माझ्या मांडयेर मालवणी शिकलेलो झील, गॅसवाल्या कंपनीची टोपी घातल्यापासून माझ्यावांगडा हापिसातला मराठी बोलता.

सुदेश: टोपी उन्हासाठी आहे, काकी.

हौसाबाई: उन्हाक टॉवेल पुरता. माका एक सांग. आता वाडीत कोण आसा?

सुदेश: कोणी नाही. गावपळण आहे. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. परत जायचा कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. हे मी तुला सांगायचं?

मार्गारेट: आमच्या शॅननला सांग. काल मडगावहून फोन केला. म्हणते, ममा, त्यांचा देव त्यांना घर सोडायला सांगतो आणि तू गळ्यात क्रॉस घालून, कोंबड्या डालग्यात भरून त्यांच्यामागून चालतेस? मी म्हटलं, बाय, सगळी वाडी बाहेर पडल्यावर मी एकटी दिवा लावून कोणाला दाखवू?

हौसाबाई: वाडीत कोण नाय ना? मगे मशीन कोण चालवता? गावपळणीत देव आपल्या भुतांका घेवन वाडीत फिरता, असा माझी सासू सांगायची. भुतांका डिझेल लागता, ह्या काय तिणा सांगूक नाय. मघाशी वारो फिरलो तेव्हा भसकन वास इलो.

सुदेश: तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत संशय.

हौसाबाई: आसाच संशय. गावपळण चार वर्सांनी होता. बरोबर? मगे गेल्या खेपेची झोपडीची दांडी अजून कुसाक नाय आणि आमी परत भायर. ह्या वर्साक कौल कोणी मागल्यान?

सुदेश: गावकऱ्यांनी मागितला. मंगेश गुरवाने लावला. देवाच्या उजवीकडची कळी पडली. देवळात सगळ्यांनी बघितली.

हौसाबाई: पडली ती मीय बघलंय. ती कितव्या खेपेक पडली, ता इचारतंय. पयल्यांदा लावलो तेव्हा डावी पडली होती. देव नको म्हणालो. माणसा घराक गेली, आपापल्या कामाक लागली. मगे दुसऱ्या सोमवारी परत कळये लावक कोणी सांगल्यान?

सुदेश: मनात शंका असली की देवाला परत विचारतात. रीतच आहे तशी.

हौसाबाई: रीत आसा, मी कुठे नाय म्हणतंय. शंका कोणाच्या मनात होती, तेचा नाव सांग.

मार्गारेट: बघ, पाटी पोटाशी गेली.

सुदेश: टीचर, प्लीज.

मार्गारेट: आणि देवळाच्या मंडपात गुळगुळीत लाद्या त्याच आठवड्यात बसल्या. मी देवळात जात नाही, पण लाद्यांचा टेम्पो माझ्या दारावरून गेला. टेम्पोच्या पुढे मोटरसायकल होती. मोटरसायकलवर टोपी होती.

सुदेश: देणगी आहे ती. कंपनी गावासाठी काहीतरी करते, ते पण तुम्हाला खुपतं. तुमच्या चर्चचं कंपाउंडसुद्धा बांधून देणार होती.

मार्गारेट: होती. फादरने एवढंच विचारलं, बदल्यात काय पाहिजे? त्यानंतर कोणी फिरकलं नाही. आणि ती सुनावणी? आमच्या वाडीखाली गॅस आहे की नाही हे बघायला भोक पाडायचं, आमचं म्हणणं ऐकायचं, आणि ऐकायचं कुठे? सावंतवाडीत. मी आणि हौसा एसटीने पोचलो तेव्हा हॉलमध्ये पोरं खुर्च्या उचलत होती. एक जण म्हणाला, आजी, लग्न संपलं, जेवण पण संपलं.

हौसाबाई: माका वाटला, खराच लग्न होता.

सुदेश: तो सगळा गैरसमज आहे. नुसती चाचणी आहे, टीचर. एक बोअर मारायची, खाली गॅस आहे का बघायचं, नसेल तर बुजवून टाकायचं. दोन दिवसांचं काम. मशीन उद्या निघून पण जाईल.

हौसाबाई: म्हणजे मशीन आसा.

सुदेश: मी तसं...

हौसाबाई: उद्या जातला म्हणालंस. जावक आधी येवक लागता, झिला.

सुदेश: आसा.

मार्गारेट: आली मालवणी.

हौसाबाई: खंय लावल्यानी?

सुदेश: बाबलीच्या रिकाम्या प्लॉटीत. तुझ्या परड्याच्या दगडी गडग्याच्या पलीकडे.

हौसाबाई: म्हणजे माझ्या पाण्याच्या बावीपासून हाकेवर. आणि त्या अंगाक दवाखानो, दवाखान्यावर चार माळ्यांची बिल्डिंग. नगरपंचायत झाली तेव्हा तूच माका सांगी होतंस, काकी, आता आपण गाव नाय, शहर झालंव, घरपट्टी वाढतली. घरपट्टी घेवक आमी शहर आणि भोक मारूक आमी माळरान?

सुदेश: काकी, कायएक धोको नाय. कंपनीचो सायब शिकलेलो माणूस आसा. तेणा माका कॉम्प्युटरवर दाखवल्यान.

हौसाबाई: धोको नाय?

सुदेश: नाय.

हौसाबाई: बरां. मगे तुझ्या बापाशीचो फोटो तुझ्या झोपडीत काय करता?

सुदेश: खंयचो फोटो?

हौसाबाई: तुझो बापूस. माझे भावजी. गुरुदास गावकर, फेटो बांधलेलो, चंदनाचो हार घातलेलो. माझ्या लग्नाक चाळीसच्या वर वर्सां झाली. इतक्या गावपळणी बघलंय. माणसा तांदूळ घेतत, सुक्या म्हावऱ्याचो डबो घेतत, गोधडी घेतत. तीन दिवसांसाठी मेलेल्या माणसाचो फोटो भिंतीवरसून कोण काढता रे?

सुदेश: दीपिकेन घेतलेलो असतलो. बायकांचा काय सांगतंस.

हौसाबाई: दीपिकेन नुसतो फोटो नाय घेतल्यान. टीव्ही घेतल्यान. फळयेवरची पितळेची भांडी घेतल्यान. आरसो चादरीत गुंडाळून मांडयेर घेवन टेम्पोत बसली. मी इचारलंय, गो, आरसो कित्याक? तर माझ्या तोंडाकडे बघूक नाय. माका वाटला, नवराबायलेचा भांडान झाला आणि म्हायेराक निघाली.

मार्गारेट: सुदेश, वर बघ. भिंतीवरच्या वस्तू उतरवून ठेव, असं तुला कोणी सांगितलं?

सुदेश: कोणी नाय.

मार्गारेट: सुदेश.

सुदेश: सायबान सांगल्यान. म्हणालो, वायच हादरो बसतलो. उंचावरचा सामान खाली घेवन ठेव. एखाद्या भिंतीक भेग गेली तर भरून देवया.

हौसाबाई: आणि तू ह्या कोणाकोणाक सांगलंस?

सुदेश: दीपिकेक.

हौसाबाई: आणि?

सुदेश: दीपिकेकच.

मार्गारेट: माझ्या घरात उंचावर आल्तार आहे. माझ्या आजीपासूनची काचेची सायबीण, आमच्या देवाची आई, आहे त्यावर. अख्खी वाडी काल तुझ्यासमोरून बाहेर पडली. तू वेशीवर उभं राहून सगळ्यांना सरबत देत होतास. कोकम सरबत. मी दोन ग्लास प्यायले.

सुदेश: टीचर, माका वाटला, सांगलंय तर कोण भायर पडूचा नाय.

मार्गारेट: आणि बाहेर पडायला कशाला हवं होतं? धोका नाही म्हणालास ना?

सुदेश: तशी अट आसा. मशीन चालू आसा तोपर्यंत अर्ध्या किलोमीटरात माणूस नको. मशीन लावक प्रत्येक घराकडे जावन इचारूचा लागला असता, रवाक दुसरी जागा देवची लागली असती. बिल्डिंगीतले भाडेकरू कोर्टात गेले असते. तू पयली नाय म्हणाली असतंस, काकी.

हौसाबाई: असतंय.

सुदेश: सायब माका म्हणालो, सुदेश, तुमच्यात कायतरी प्रथा आसा ना, गाव सोडूची?

हौसाबाई: तो म्हणालो, की तू सांगलंस?

सुदेश: मी सांगलंय.

मार्गारेट: म्हणजे कंपनीच्या कागदावर आता आम्ही सगळे राजीखुशीने घरं रिकामी करून बसलोय. देवाच्या आज्ञेवरून. सरबत पिऊन.

सुदेश: नोकरी कायम करतत म्हणाले. हय दुसरा काय आसा? देवबागाक जावन परक्या पर्यटकांका पॅराशूटान पाण्यावर उडवत बसू? आमच्याकडे तर होडीय नाय.

हौसाबाई: नोकरी कर. कोणी नाय म्हटला? पण तीन दिवस वाडी आपण देवाक देतंव. चूल इझवतंव, दिवो इझवतंव, कोंब्याक सुद्धा हय आणतंव, देवाक थय कोणाचो आवाज नको म्हणान. आणि त्या जागेत तू मशीन घातलंस. गावपळण मोडली ती आज सकाळीच मोडली. आमी हय नुसती झोपडीत बसान मान राखतंव, कोणाचो ता देव जाणा.

मार्गारेट: मी जाते आत. मला तुमच्या देवाची बंदी नाही. जाऊन माझ्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते. माणूस दिसलं की मशीन थांबवावं लागेल ना, सुदेश?

सुदेश: लागात. नियम आसा तसो. गेटीर सिक्युरिटी आसा, पण तो बाबलीच्या प्लॉटीपुरतो. वाडीत कोण अडवूचो नाय.

हौसाबाई: तू जावचा नाय, मार्गारेट.

मार्गारेट: का?

हौसाबाई: तू पयली गेलंस तर फाल्या सकाळी सगळ्यांच्या तोंडात एकच, किरिस्तावणीन गावपळण मोडली. मशीन रवात बाजूक, लाद्या रवतीत बाजूक. तुझ्या दारात माणसा जमतली. आणि कंपनीवालो लांब उभो रवान हसतलो. तेंका ताच होया.

मार्गारेट: मग कोण?

हौसाबाई: मी.

सुदेश: काकी, गाव तुका वाळीत टाकीत. आणि देवाचा काय? त्या पुरुषाची गोष्ट तूच सांगतंस, गवताची पेंडी विसारलो म्हणान गावपळणीत वाडीत परत गेलो आणि तेची वाचा गेली.

हौसाबाई: माका भय नाय असा नाय रे. पण देवान पयल्यांदा डावी कळी पाडलेली. जाव नकात, म्हणालो. मी तेचो पयलो कौल पाळतंय. दुसरो तुझ्या सायबाचो होतो.

मार्गारेट: पुढून नको म्हणालीस. मागून चालू?

हौसाबाई: मागसून ये. आमच्या ह्यांचो फोटो भिंतीक आसा, सासूचो आसा. पडले आसती तर काचा येचूक कोणतरी होया.

सुदेश: मी काय करू?

हौसाबाई: त्या बाजूच्या झोपड्यांत जा. सगळ्यांका सांग, आता आमका सांगलंस तसा. लाद्यांपासून सांग.

सुदेश: माका मारतीत.

हौसाबाई: दोन देतीत. भावजी असते तर चार दिल्यान असते.

सुदेश: आणि मगे?

हौसाबाई: मगे दीपिकेकडसून तो फोटो घे आणि आमच्या मागसून ये. होतो थय लाव. तेच्याखाली बसान सायबाक फोन कर. सांग, घरां रिकामी नाय.

सुदेश: नोकरी जातली, काकी.

हौसाबाई: जातली.

मार्गारेट: ऐक. झाकण अजून वाजतंय.

हौसाबाई: सुदेश, दीपिकेन फोटो काढल्यान तेव्हा खिळो पण काढल्यान?

सुदेश: नाय. खिळो आसा थयच.