दोन स्क्रीनवर एकच रांग

नाही, त्या खुर्चीत नका बसू, ती ह्यांची — इकडे बसा, माझ्या. आता बघा, ही विंडो अशी धरली, कडा ओढली, ओढत ओढत त्या स्क्रीनवर नेली — गेली ना? जाते. पण फोटोतली माणसं बघा. डावीकडे मोठी, उजवीकडे छोटी, आणि मधल्या बाईंचा एक खांदा इथे तर दुसरा चार बोटं वर. आमच्या मुलीने बोलावलं ना तुम्हाला दुरुस्तीला? कंटाळली असेल, रोज फोनवर आमचं हेच रडगाणं ऐकून.

ह्यांच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोटो हा, सगळे एका रांगेत. आम्हीच काढला — खाली स्टुडिओ आहे ना, तो आमचाच, मी आणि हे, दोघंच. एवढ्या लांबलचक फोटोत कोणाचे डोळे मिटलेत ते एका स्क्रीनवर कसं कळणार? म्हणून ह्यांनी मागच्या खोलीतली आपली स्क्रीन आणून माझ्या कॉम्प्युटरला जोडली. मागच्या खोलीत कशाला होती? — ते जाऊ द्या. बरं, सांगते, तुमचे हात चालू देत.

आमच्या दोघांचा एक फोटो आहे, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा. हे बसले तो साफ करायला — गिऱ्हाइकांचे करतो तसाच, मुरूम काढ, डाग काढ — आणि माझ्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्या काढल्या, हनुवटीखालचं काढलं, वर फ्रेम करून दुकानाच्या काचेत लावला. येईल तो मला विचारतो, "साहेबांच्या शेजारी कोण, तुमची धाकटी बहीण का?" मी हसायचे. किती दिवस हसणार? शेवटी विचारलंच ह्यांना, "माझ्या तोंडात एवढं काय खटकतं तुम्हाला?" तर म्हणे, "अगं, सवयीने हात फिरला." सवयीने — म्हणजे चेहरा कोणाचा तेसुद्धा बघितलं नाही. मग मी बोलणंच सोडलं. चहा ठेवलाय, जेवण वाढलंय, एवढंच. आणि हे कॉम्प्युटर उचलून मागच्या खोलीत. दार तरी आपटावं की नाही माणसाने? हळूच लोटून घेतलं. त्याचाच जास्त राग आला मला.

तर ह्या फोटोमुळे स्क्रीन इकडे आली, स्क्रीनमागे हे आले. माऊस एकच. आधी नुसतं "डावीकडे", "अजून", "पुरे". मग मुख्याध्यापक आले — नेमके दोन स्क्रीनच्या मधोमध, अर्धे माझ्याकडे, अर्धे ह्यांच्याकडे, एक कान वर, एक खाली. हे म्हणाले, "वर्गातसुद्धा असेच दिसायचे." मला हसू आवरेना, ह्यांनाही. पुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळा चेहरा सुरकुत्यांचा. ह्यांनी माऊस घेतला, थांबले, आणि मला विचारलं, "ह्यांच्या ठेवू?" म्हटलं, "ठेवा. फुकट नाही पडलेल्या." दुसऱ्या दिवशी काचेतला फोटो बदललेला — तोच, पण हात न लावलेला. आता त्यात मी आहे.

हा फोटो? तो केव्हाच देऊन झाला. हो, मग दोन स्क्रीन कशाला — अहो, तुम्ही फार विचारता. सेटिंगमध्ये त्या दोन चौकटी असतात ना, त्या एका पातळीत आणल्या की रांग जुळते, येतं मला तेवढं. मीच त्यातली एक सरकवते खाली. जराशीच. म्हणजे हे म्हणतात, "पुन्हा बिघडलं वाटतं," आणि खुर्ची ओढून बसतात. मुलीला सांगू नका हं. ह्यांना तर नाहीच नाही. पण एक बिघाड खरा आहे, तो तेवढा बघा — ह्यांची स्क्रीन मध्येच काळी होते. मी आवरून उठायला लागले की हमखास. मग पुन्हा बसावं लागतं, हे इथे चाचपतात, तिथे चाचपतात, गप्पा निघतात…

काय, मागे? वायर ढिली? ढिली कशी होईल, तिला दोन बाजूंना स्क्रू — दोन्ही काढलेत? नुसती टेकवून ठेवलीय? आपोआप तर निघत नसतील ते. मी कधी मागे हातसुद्धा घातला नाही. तिकडे तर फक्त हे…

नको. नका लावू ते स्क्रू. राहू द्या म्हटलं ना — आणि त्या चौकटीही राहू द्या. जिन्यात पाऊल वाजतंय, हेच असणार. तुम्ही निघा आता. आणि जिन्यात विचारलंच ह्यांनी, तर सांगा — बिघाड अवघड आहे, कळत नाहीये.