काचेचं पोट आणि मावशींचं पातेलं

...आणि वर मला विचारतात काय, तर "जेवलीस का गं?" आता तुम्हीच सांगा, ज्या बाईचं स्वयंपाकघर बंद व्हायला माझा अहवाल कारणीभूत, माझ्या सहीचा, चार रंगांचे तक्ते जोडलेला, त्या बाईनं मला हे विचारावं? अहो, चार शब्द सुनावा, भाजीत मूठभर मीठ जास्त घाला, काहीतरी करा! पण नाही. "जेवलीस का गं?" शिकलेली ना मी... खोटंच "हो" म्हटलं आणि पळाले.

थांबा, मी मधूनच सुरू झाले. तर आमचा फळांचा रस आणि गर डब्यात भरायचा कारखाना. मी तिथल्या प्रयोगशाळेत, चार महिन्यांपूर्वी लागले. अन्नशास्त्रातली पदवी, वर पदव्युत्तर पदवी, दोन्हीकडे पहिला वर्ग, आणि डोक्यात एकच, जग सुधारायचं, शक्यतो याच आठवड्यात! पहिल्याच दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये डोकावले, तर साठ माणसांचं पातेलं चढलेलं, आणि स्वयंपाकाच्या मावशी टोमॅटो, गाजर सगळं तेलात घालून शिजवताहेत, शिजवताहेत, शिजवतच आहेत! मी ओरडले, "मावशी, खून करताय तुम्ही!"

"कुणाचा गं?"

"भाजीतल्या चांगल्या चांगल्या घटकांचा!"

"बरं. मग पंचनामा जेवण झाल्यावर कर. ताट घे."

आता ही काय शास्त्रीय चर्चा झाली? मी पेटलेच. कच्चं गाजर मोजलं, शिजलेलं गाजर मोजलं, कच्चा टोमॅटो, शिजलेला टोमॅटो, आणि लिहिलं की उष्णतेनं क जीवनसत्त्व उडतं, सबब सर्वांना कच्चं द्यावं. पंधरा दिवस प्रयोग म्हणून दिलंही! कामगारांनी माझं नाव काय ठेवलं माहितीये? गाजरताई. गेटवरचे पहारेकरी काका, पुढचे चार दात कधीच रजेवर गेलेले, मला हात जोडून म्हणाले, "ताई, एवढं एक गाजर संपेपर्यंत भोंगा वाजला. उरलेली दोन घरी नेऊ का? रविवारी संपवीन." मी म्हटलं, काका, सवय होईल. शिकलेली ना मी!

आणि तो अहवाल गेला मॅनेजरसाहेबांकडे. साहेबांना मोकळी जागा दिसली की भूक लागते. "उत्तम! शिजवायचंच नाही म्हणजे शेगड्या नकोत, शेगड्या नकोत म्हणजे ती खोली गोदामाला मोकळी, आणि चिरलेलं बाहेरून मागवू!" सोमवारी नोटीस लागली. येत्या शनिवारपासून स्वयंपाकघर बंद, मावशींचं काम संपणार. एकोणीस वर्षांचं काम हो! तुम्हाला शपथेवर सांगते, मला पातेल्यातलं बदलायचं होतं, पातेलं उचलायचं नव्हतं. मी धावत गेले आणि सांगून टाकलं, "मावशी, ते सगळं माझ्यामुळे झालं."

"माहितीये. साहेब चहा पिताना माझ्यासमोरच वाचत होते, मोठ्यानं. अक्षर छान आहे म्हणाले. जेवलीस का गं?"

तिथून मी थेट आमच्या मॅडमकडे. प्रयोगशाळेच्या प्रमुख, बोलतात कमी आणि बोलल्या की टाके पडतात. त्यांनी माझा अहवाल चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला. "हे गाजरात किती आहे ते झालं. खाणाऱ्याला किती मिळालं?"

"मॅडम, गाजरात आहे म्हणजे..."

"कपाटात साडी आहे म्हणजे अंगावर आहे का?"

बोला आता! दोन पदव्या, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्याकडे काचेचं पोट आहे हो! बाटल्याच असतात त्या, कोमट पाण्यात हलत राहणाऱ्या. आधी लाळेसारखा रस घालायचा, मग जठरातल्यासारखं आम्ल, मग आतड्यातल्यासारखं पित्त, आणि बघायचं, भाजीतून सुटून पाण्यात काय उतरलं. जे उतरलं तेच अंगी लागण्याची आशा, बाकीचं नुसतं प्रवासी.

मी लगेच कच्चं गाजर मिक्सरमध्ये घातलं, गरगर फिरवलं, झाली गुळगुळीत चटणी, आणि ओतणार तेवढ्यात मागून मॅडम, "तुमचे पहारेकरी काका मिक्सर आहेत?" मेले! म्हणजे खऱ्या माणसानं खरं चावलेलं हवं. गेले काकांकडे. "काका, हे गाजर चावा, पण गिळायच्या क्षणी या भांड्यात थुंका." काकांनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं! "ताई, आधी खायला लावलंत, आता थुंकायला लावता. एकदाच काय ते ठरवा ना." पण चावलं हो बिचाऱ्यांनी! तीन दिवस, दिवसातून चार वेळा, एकदा कच्चं, एकदा मावशींच्या पातेल्यातलं, पहाऱ्यावर उभं राहून. त्यांचे उपकार मी कुठे फेडू?

आणि निकाल काय? काकांनी चावलेले कच्च्या गाजराचे तुकडे लाळेतून गेले, आम्लातून गेले, पित्तातून गेले आणि सहल करून आल्यासारखे तसेच्या तसे बाहेर, रंगसुद्धा नावापुरता उतरलेला! रंग आतच कोंडलेला, पेशींच्या भिंतींमागे, कडी लावून. आणि मावशींच्या पातेल्यातलं? शिजून भिंती ढिल्या, तेल हाताशी, त्यामुळे गाजराचा केशरी, टोमॅटोचा तांबडा, दोन्ही रंग असे सुटले की बाटलीच लाजली. कच्च्याच्या तिप्पट! मी खरं तेही लिहिलं हं, क जीवनसत्त्वात कच्चंच जिंकलं, आणि कच्च्याचं जे उरतं तेही वाया जात नाही, मोठ्या आतड्यात कोट्यवधी जीव बसलेत, त्यांचं जेवण होतं.

मग मी वही घेऊन मावशींसमोर बसले. "मावशी, लसूण आधी ठेचून बाजूला का ठेवता?" कारण ठेचल्यावर थोडा वेळ मिळाला तरच त्यातला गुणकारी घटक तयार होतो, लगेच तापवला की संपलं! मला वाटलं, आता काहीतरी पिढ्यान्‌पिढ्यांचं गुपित ऐकायला मिळणार.

"खलबत्ता आधी धुऊन मोकळा होतो. मग कांदा चिरायचा."

"आणि लिंबू गॅस बंद केल्यावर का?" तेच ते, उष्णतेनं उडणारं क जीवनसत्त्व!

"आधी पिळलं की कडवट लागतं."

"आणि भाजी उकडलेलं पाणी आमटीत का?"

"अगं, ते पाणी उचलून मोरीपर्यंत कोण नेणार? माझी कंबर!"

गुपित नाही, काही नाही! कंबर, खलबत्ता आणि जीभ. पण त्या तीन गोष्टींनी साठ माणसं एकोणीस वर्षं पोसली, आणि चार महिने मलासुद्धा, घरापासून लांब, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारीला. पंधरा दिवसांच्या कच्च्या प्रयोगात, आता लपवत नाही, दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या दारानं त्यांच्याकडेच जेवत होते. शिकलेली ना मी!

शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक कच्च्याची, एक शिजलेल्याची, आणि शेजारी नवा अहवाल. साहेब म्हणाले, "पहिल्या अहवालावर सही कुणाची?" माझी. "आणि या दुसऱ्यावर?" माझीच. "मग यातलं खरं कुठलं?"

म्हटलं, "दोन्ही, साहेब. पहिला गाजराचा आहे, दुसरा माणसाचा. तुम्ही जेवू घालता ती माणसं. मी चुकले, हे फळ्यावर लिहून लावते, पण ती नोटीस मागे घ्या."

साहेबांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. माझ्यासोबत आलेल्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, मावशी चहा घेऊन दारात. शेवटी साहेबांनी नोटीस मागे घेतली हो, खरंच घेतली! मी उडी मारणार इतक्यात म्हणाले, "पण क जीवनसत्त्वात कच्चं जिंकलं असं तुम्हीच लिहिलंय. मग शिजलेलं राहील, सोबत थोडं कच्चंही राहील. पहारेकऱ्यांना चाववत नाही, तेव्हा किसून. किसणार कोण?"

मॅडमनी खिडकीकडून मान वळवली, मावशींनी दारातून. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

तर आता रोज अकरा वाजता मी, पहिला वर्ग, दोन पदव्या, साठ माणसांचं गाजर किसते. बोटं केशरी, नखं केशरी. आणि मावशी येता जाता सांगतात, "नुसतं नको देऊ गं, वरून थोडं तेल सोड, म्हणजे अंगी लागेल."

काय करणार? सोडते. बरोबरच आहे ते, मी स्वतः मोजलंय.