बेरजेआधी सोल

कोलंबीच्या वाट्यांवरून तुमचं कधी बीजगणिताचं कोडं सुटलंय का? माझं सुटलं, नववीत. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा होती, आणि नापास झाले तर शाळा सोडून आईबरोबर कोपरीच्या बाजारात मासळी विकायला बसायचं ठरलेलं. मी मात्र √८ आणि √१८ ची बेरीज √२६ करून बसलेले.

मैत्रीण सुलभा तिसऱ्यांदा सांगत होती, "अगं, आतले आकडे मिळवू नकोस. √८ म्हणजे २√२, √१८ म्हणजे ३√२. झाले ५√२."

"मग √२ आणि √३ ची बेरीज का नाही होत?"

आई शेजारी विकायच्या मासळीचे वाटे लावत होती. शाळेत कधी न गेलेली. म्हणाली, "बोंबील नि कोलंबी एका वाट्यात लावतंस का गो?"

"नाही."

"मंग आदी सोल. आत सारखीच निघाली तर एक वाटा, नाय तर दोन."

सुलभा म्हणाली, "मावशी, सरांना हे दोन महिन्यांत जमलं नाही."

"तुमच्या सरांना गिऱ्हाईक शिव्या देत नाय ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात √१२ + √२७ आलं. मी दोन्ही सोलली, आत २√३ आणि ३√३ निघाले, एका वाट्यात ५√३ लिहिलं; बाकीची गणितंही तशीच सोडवली, आणि सरांनी तिथेच तपासून मला पास केलं.