चाळीस सेकंदांचा अहवाल

मला कामचुकार म्हणायच्या आधी हे ऐका. आमच्या सरकारी ऑफिसात राज्यांकडून आलेल्या एक्सेल शीट्स जोडून अहवाल करायला आठवडा जायचा. मी मयूर विहारहून मेट्रोने येता-जाता पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. सोमवारी चाळीस सेकंदांत अहवाल तयार. साहेब खूश, लगेच वर पाठवला. मंगळवारी फाइल परत आली, त्यावर शेरा: ‘घाईत केलेलं दिसतं. पुन्हा तपासा.’

साहेबांनी मला बोलावलं. “भाई, आपका प्रोग्राम थोड़ा धीरे नहीं चल सकता?”

“चल सकता है सर. कितना धीरे?”

“शुक्रवार तक.”

मी त्यात थांबून राहायची एक ओळ टाकली. प्रोग्राम तीन दिवस नुसता बसून राहिला. शुक्रवारी तोच अहवाल, एक आकडाही न बदलता, पुन्हा वर गेला. या वेळी शेरा आला: ‘अत्यंत बारकाईने केलेलं काम.’

आता साहेबांना ‘गतिमान कारभार’ या विषयावर भाषणाला बोलावलंय. स्लाइड्स अर्थात मीच करायच्या. आज सकाळीच झाल्या. साहेबांना म्हटलं, शुक्रवारी देतो.